कानाची खूण

लर्विकच्या माझ्या ऑफिसात
ऑस्ला हॅलक्रो ओल्या बुटांनी येते
आणि वडिलांची मिळकत सांगू लागते:
येल बेटावरचं घर, मागची पीटची खणती,
एक्केचाळीस मेंढ्या, एक होडी, गळकी,
आणि करड्या रंगाचं, अंगठ्याएवढं एक यंत्र.
त्याला रास्मी म्हणायचा, माझी पेटी.

मी यादी करते. तीस वर्षं हेच करते आहे.
मेलेल्या माणसाचं जग दोन रकान्यांत बसवायचं,
स्थावर आणि जंगम.
घर डावीकडे. मेंढ्या उजवीकडे.
पीट जमिनीत असेतो डावीकडे,
खणून रचलं की उजवीकडे.
इथवर कायद्याला सगळं तोंडपाठ.

पण पेटीतली नाणी?
जंगम म्हणावं तर जागची हलत नाहीत,
स्थावर म्हणावं तर त्यांना जागाच नाही.
कुणाकडून येणं आहे म्हणावं
तर देणेकरी कोण?
पलीकडे कुणीच नाही. नुसती एक वही,
हजारो यंत्रांत एकाच वेळी लिहिली जाणारी,
कुणाच्याच कपाटात नसलेली.

हीही मालमत्ताच, असं न्यायाधीश आता म्हणू लागलेत.
बरं. लिहिलं.

टॅबलेटवर पुस्तकं, तीनशे बारा.
कंपनीचं पत्र आलं आहे:
विकली नव्हती, वाचू दिली होती.
वाचणारा गेला, परवानगी संपली.
ऑस्ला विचारते, मग पैसे परत?
मी चहा ओतते.
फोटो मात्र त्याचेच, पण खातं कंपनीचं;
धान्य आपलं, कणगी परक्याची.

पेटी उघडायला चोवीस शब्द लागतात.
रास्मीने ते कागदावर लिहून
लोकर कातरायच्या कात्रीखाली ठेवले होते.
दहा शिल्लक आहेत. नदी, खुर्ची, हिवाळा, आरसा, असलेच काही.
उरलेले चौदा एका पोरक्या कोकराने खाल्ले,
जे त्या मे महिन्यात चुलीपाशी बाटलीवर वाढत होतं.
ते आता यादीत आहे.
मेंढी, क्रमांक सतरा.

कोर्ट शिक्का मारून देईल
की हे सगळं ऑस्लाचं.
कुलूप शिक्का ओळखत नाही.
आणि कर भरायचा तर नियम म्हणतो,
मृत्यूच्या दिवशीचा भाव लिहा.
उघडतं का, असा रकाना नाही.

येलवर मेंढरं डोंगरावर मोकळी असतात.
मालकी कानात कापलेली:
उजव्या कानाचं टोक छाटलेलं,
डाव्याला मागून दोन खाचा,
ही हॅलक्रोंची खूण, पणजोबांपासून.
मी नवखी वकील असताना एक दावा आला होता,
दोन शेजारी, एक मेंढी,
दोन्ही कान कुत्र्याने फाडलेले.
शेरीफ म्हणाले, खूण दाखवा.
खूण नव्हती. साक्षी होते, शपथा होत्या,
रडणंही झालं.
मेंढी कोर्टाच्या पायरीवर लेंड्या टाकून उभी,
तिला माहीत होतं ती कुणाची,
आणि तिला कुणी विचारलं नाही.

ऑक्टोबरात मी येलला गेले, सही घ्यायला.
मेंढरं गोठणात आणली होती,
दुपारी तीनलाच उजेड विरत चाललेला.
ऑस्लाने एक मेंढी गुडघ्यांत धरली,
न बघता बोटं कानांवरून फिरवली,
टोक नाही. दोन खाचा.
आमची, म्हणाली.

मग तिच्या पोटावर हात ठेवून हसली,
बराच वेळ, नाक पुसत.
"बाबांचे चौदा शब्द हिच्यात गेले.
आता हिला कुठल्या रकान्यात घालणार?"

जंगम, मी म्हटलं,
आणि तिने गुडघे सैल केले.